'लोक' म्हणजे कोण?



गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्म का सोडू नये ह्याची कारणे भगवंतांनी अर्जुनाला सांगितली आहेत. त्यांत जनकादिकांचा दाखला देऊन 'लोकसंग्रह' हा एक शब्द घातला आहे. हा शब्द व्याख्यानांतून इतका झिजला आहे की ऐकताना आता कानाला काही लागत नाही. म्हणून तो आम्ही पुन्हा सोडवून पाहतो. 'ग्रह' म्हणजे धरणे, 'सम्' म्हणजे नीट, एकत्र. लोकांना नीट धरणे, विस्कटू न देणे, आडवाटेला जाऊ न देणे, तो लोकसंग्रह. आणि लगेच पुढल्या श्लोकात भगवंत सांगतात की श्रेष्ठ जसा वागतो तसे इतर वागतात, तो ज्याला प्रमाण मानतो त्यालाच जग प्रमाण मानते. माउलींनी ह्या ठिकाणी जो भाव उलगडला आहे त्याचे तात्पर्य आमच्या भाषेत असे, की सामान्य माणूस ग्रंथ उघडून धर्म शोधीत बसत नाही. तो पुढे चाललेल्याच्या पावलांकडे पाहतो आणि ती पावले जिकडे गेली त्या वाटेलाच धर्म म्हणू लागतो.

आमच्या पाठशाळेत शास्त्रीबुवा 'गड्डरिकाप्रवाह' न्याय शिकवीत. गड्डरिका म्हणजे मेंढी. पुढली मेंढी ओढ्यात उतरली की मागच्या सगळ्या उतरतात, पाणी किती आहे हे एकही पाहत नाही. आम्ही मुले हसत असू. बुवा म्हणत, हसू नका रे, धनगराला विचारा. ह्याच गुणामुळे तो एकटा माणूस दोनशे मेंढरे संध्याकाळी सुखरूप मुक्कामी आणतो.

आपल्या वारीतच पाहा. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामावर समाजआरती होते. हैबतबाबा आरफळकरांच्या वेळेपासून चालत आलेली ही शिस्त. सगळ्या दिंड्यांचे टाळमृदंग एकदम चालू असतात, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. चोपदार हातातला दंड वर करतात आणि एवढा समुदाय क्षणात गप्प होतो. तिथे पोलीस नाही, शिक्षेची भीती नाही. नवखा वारकरी पहिल्या दिवशी कोणी पाया पडला की अवघडतो, हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नाही. गावी त्याच्यापुढे लोक वाकत असतात, नाहीतर हापिसात तो साहेब असतो. दुसऱ्या दिवशी तो अर्धा वाकतो. लोणंद यायच्या आत तो आपण होऊन समोरच्याच्या पायाला हात लावतो, समोरचा कोण, कुठला, कोणत्या जातीचा हे विचारण्याच्या आधी. त्याला कोणी उपदेश केलेला नसतो. भोवतालचे हजारो जण करतात म्हणून त्याने केले, आणि करता करता ते त्याच्या अंगात मुरले.

हे झाले गोड. आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इरावतीबाई कर्वे ह्या विदुषी बाई वारीत पायी चालल्या होत्या आणि त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले आहे. एकाच दिंडीत दिवसभर बरोबर चालणारी, बरोबर अभंग म्हणणारी ब्राह्मण आणि मराठा मंडळी जेवायला मात्र वेगळी बसत. बाईंना त्याचे फार वाईट वाटले. आम्हांस त्यात एक गोष्ट दिसते ती अशी, की ज्या देखादेखीने मनुष्य पायाला हात लावायला शिकला त्याच देखादेखीने तो ताट उचलून पलीकडे बसायलाही शिकला. बळ एकच. पाटाचे पाणी उसाला जाते तसे कुंपणाच्या काट्यालाही जाते. बारे कोण मोडतो आणि कोणत्या वाफ्याकडे वळवतो एवढाच प्रश्न.

आता कोणी शंका घेईल. महाराज, रीत म्हणजे लोकांची श्रद्धा. लोकांना ती हवी असते म्हणूनच चालते. ती बदलायला जाणे म्हणजे लोकांच्या मनाविरुद्ध जाणे, आणि मग तुमचा लोकसंग्रह राहिला कुठे? हा पूर्वपक्ष वरवर पाहता पक्का वाटतो, आणि तो मांडणारे बहुधा प्रामाणिकही असतात. म्हणून त्याची परीक्षा आपण पोथीत न करता नदीच्या घाटावर करू.

आम्हां कीर्तनकारांना दहाव्याच्या प्रवचनाला बोलावणी येतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत चार शब्द बोलायचे, मंडळींचे मन थाऱ्यावर आणायचे. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या. आणि तिकडे, त्या दुसऱ्या अंगाला, अजूनही पुष्कळ गावांत एक प्रकार होतो. कुठे तो प्रेत उचलताना होतो, कुठे दहाव्याला, कुठे तेराव्याला. रीत गावागावाची निराळी. जिचा धनी गेला तिच्या हातातल्या बांगड्या फोडतात, कपाळ पुसतात, मंगळसूत्र तोडतात, जोडवी काढतात. पुष्कळदा हे काम एखाद्या जुन्या विधवेकडेच दिलेले असते. तिच्याही बाबतीत ते कधीतरी कोणी केलेले असते.

गेली कित्येक वर्षे आम्ही घाटावरून परतताना एकेकीला, एकेकाला बाजूला घेऊन विचारीत आलो आहोत. फोडणारी म्हणते, मला का हौस होती? पण मी नाही म्हटले असते तर घरची माणसे काय म्हणाली असती. सासू म्हणते, लेकाची बायको ती, माझ्या पोटात तुटत होते. पण तिच्या माहेरचे म्हणतील, हिला लेकाचे दुःखच नाही. माहेरचे म्हणतात, तिचे गाव, तिथली रीत, आम्ही पडलो पाहुणे. भावकीतला थोरला म्हणतो, बायकांचा विधी आहे, आम्ही त्यात पडत नाही. भटजींना विचारावे तर ते म्हणतात, प्रयोगात हे नाही, पण यजमानांची इच्छा. (भटजींचे पहिले अर्धे वाक्य खरे आहे. तिलांजली आहे, पिंडदान आहे. बांगडीवर दगड घालण्याचा मंत्र आमच्या पाहण्यात नाही.)

म्हणजे काय झाले पाहा. पन्नास माणसे घाटावर होती. पन्नासांतल्या एकालाही ते नको होते. आणि पन्नासांच्या डोळ्यांदेखत ते झाले! आता ज्या 'लोकांची श्रद्धा' म्हणून पूर्वपक्ष उभा केला ते लोक कुठे आहेत?

पंचदशीत विद्यारण्यांनी दशम पुरुषाची गोष्ट घेतली आहे. दहा जण नदी उतरून पलीकडे गेले. सगळे आले की नाही हे पाहावे म्हणून एकाने मोजले, नऊच भरले. दुसऱ्याने मोजले, नऊच. दहावा बुडाला म्हणून सगळे गळा काढून रडू लागले. वाटसरू आला, त्याने पाहिले की प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो आहे. तो म्हणाला, अरे बाबा, दहावा तूच. आत्मज्ञानासाठी दिलेला हा दृष्टांत आम्ही चार पायऱ्या खाली घाटावर आणतो आहोत, वेदान्ती मंडळींनी क्षमा करावी. पण घाटावर तसेच होते. प्रत्येक जण 'लोक' मोजतो आणि मोजताना स्वतःला वगळतो. सासूच्या हिशेबात लोक म्हणजे व्याही, व्याह्यांच्या हिशेबात लोक म्हणजे गाव, गावाच्या हिशेबात लोक म्हणजे सासू. सगळे मिळून एका अशा माणसाला भितात जो तिथे हजरच नाही. एकमेकांच्या मनात काय आहे हे कोणी कोणाला विचारीत नाही, आणि गप्प बसलेल्याला आपण कबूल धरतो. रीत अशी गप्प बसण्यावर उभी असते. म्हणून ती डोंगरासारखी जुनी दिसते आणि एखादे दिवशी मातीच्या भिंतीसारखी पडते. मग चार वर्षांनी सगळे म्हणतात, आम्हांला ती कधी आवडतच नव्हती.

कायद्याने हे होत नाही काय? होते, पण थोडे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. त्यानंतर सदतीस वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केले तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा सरकारच्या दप्तरात होता आणि गाव गावाच्या मनात होते. कर्व्यांचे थोरपण असे की त्यांनी लग्न चोरून केले नाही. उघड केले, आणि पुढे कितीतरी वर्षे लोकांच्या नजरेसमोर सरळ संसार करून दाखविला.

केशवपनाची हकीकत आम्हांस त्याहून बोलकी वाटते. विधवेचे केस उतरविण्याची रीत पांढरपेशा घरांतली. शास्त्रार्थ झाले, वर्तमानपत्रांत वाद झाले. पण १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांची सभा भरली, आणि आपण हे काम करणार नाही असे त्या मंडळींनी ठरविले. ज्यांना ग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही असे पंडितांनी म्हटले होते त्यांनी ग्रंथाला हातही लावला नाही. वस्तरा तेवढा खाली ठेवला. रीत कितीही मोठी असो, तिला शेवटी कोणाचा तरी हात लागतो. तो हात एकट्याने मागे घेतला तर त्याच्या जागी दुसरा येतो. सगळ्यांनी मिळून, एकमेकांना दिसेल असा मागे घेतला तर रीतीची पंचाईत होते.

आता आपल्याच देवाच्या दारची कथा ऐका. जुन्या मंडळींना ती माहीत आहे, नव्यांना अर्धीच माहीत असते.

महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला कुसू पडून चोखोबा गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून इथे समाधी दिली. तेव्हापासून सहाशे वर्षांहून अधिक काळ वारकरी त्या पायरीवर डोके ठेवून आत जात होता, आणि चोखोबांच्या वंशाचा माणूस त्याच पायरीशी थांबत होता. हे विपरीत कोणाला दिसत नव्हते असे नाही. दिसत होते. पण जो तो म्हणे, मला काही नाही हो, पण लोकांना चालायचे नाही. दरम्यान नाशकास २ मार्च १९३० पासून पाच वर्षे काळारामाच्या दारात बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह चालला आणि दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यास बाबासाहेबांनी हा धर्म सोडण्याचे जाहीर केले आणि १९५६ साली लाखो माणसे घेऊन ते बुद्धाला शरण गेले. लोक तयार होईपर्यंत थांबा असे जे सांगतात त्यांनी, थांबलेला माणूस नेहमी दारातच उभा राहतो असे समजू नये.

साने गुरुजींनी पंढरपूरचे दार उघडण्यासाठी प्राण पणाला लावायचे ठरविले. त्यांना आधीच उपोषणाला बसायचे होते. सहकाऱ्यांनी थांबविले आणि सांगितले की आधी महाराष्ट्र फिरा, माणसांना जागे करा. आमच्या मते त्या सगळ्या प्रकरणातले मर्म ह्या दौऱ्यात आहे. उपोषण सगळ्यांच्या लक्षात राहिले, दौरा विसरला गेला. १९४७ च्या पहिल्या महिन्यांत गुरुजी गावोगाव हिंडले. बरोबर सेवादलाची तरुण मुले, गाणी, मेळे, सभा. त्या दौऱ्यात कितीतरी गावांनी विहिरी मोकळ्या केल्या, मारुतीची, विठोबाची देवळे मोकळी केली. ह्याने काय होते? एका गावाने विहीर मोकळी केली की शेजारच्या गावाचे 'लोकांना चालायचे नाही' हे उत्तर लंगडे पडते. लोक तर शेजारीच आहेत, आणि त्यांना चालले! आठवड्याच्या बाजाराला ही बातमी पोचते, सोयरिकीतून पोचते. ज्याच्या मनात होते पण धीर नव्हता, त्याला कळते की आपण एकटे नाही.

मग १ मे १९४७ रोजी गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. ध्यानात घ्या, मठात. एका वारकरी महाराजांनी जागा दिली. त्या वेळच्या पंढरपुरात विरोध लहान नव्हता, आणि अशा वेळी दार उघडून देणे म्हणजे आपल्याच मंडळींची नाराजी ओढवून घेणे. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, आणि १० मे रोजी मंदिर मोकळे करण्याचे ठरून उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. विरोधकांपैकी काहींनी, म्हणतात, मूर्तीतले तेज मंत्राने काढून भांड्यात ठेवले, म्हणजे आत येणाऱ्यांना नुसता पाषाण मिळावा. आम्ही त्यांना हसत नाही. भ्यालेला माणूस असेच करतो. पण त्या वर्षीची आषाढी आली, पांडुरंग विटेवर तसाच उभा होता, चंद्रभागेला पाणी तसेच होते, आणि दर्शनाची रांग आखूड झाली नाही.

पुढचा भाग ऐकण्यासारखा आहे. सप्टेंबर १९५३ मध्ये विनोबाजी बिहारात देवघर इथल्या वैद्यनाथाच्या मंदिरात हरिजनांना घेऊन गेले तेव्हा पंड्यांनी त्यांना मार दिला. आणि मे १९५८ मध्ये विनोबाजी पंढरपूरला आले तेव्हा मंदिराच्या चालकांनी आपण होऊन त्यांना पत्र दिले की तुमच्याबरोबर कोणीही असो, सर्वांसह दर्शनाला या. विनोबाजी गेले, बरोबर मुसलमान होते, ख्रिस्ती होते. १९४७ आणि १९५८, मध्ये अकरा वर्षे. ह्या अकरा वर्षांत असा काय मोठा शास्त्रार्थ झाला? काही नाही. लोकांनी पाहिले. नैयायिक सांगतात की अनुमान कितीही मोठे असले तरी प्रत्यक्षाशी विरोध आला की ते बाधित होते. 'असे झाले तर अनर्थ होईल' हे अनुमान होते. अकरा आषाढ्यांचे प्रत्यक्ष त्याच्यासमोर आले आणि ते विरून गेले.

आता पुन्हा घाटावर येऊ.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की आपल्या गावात पतीच्या निधनानंतर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे बंद. ते राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष होते. महामारीत तरणीताठी माणसे गेली होती आणि घरोघर पंचविशी-तिशीच्या मुली पांढऱ्या कपाळाने बसल्या होत्या, ते दुःख ताजे होते. तेरा दिवसांनी, १७ मे रोजी, महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. ह्या कामाला चालना देणारे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी तर स्वतःपुरते स्टँप कागदावर लिहूनच दिले, की माझ्या मागे माझ्या बायकोवर हा प्रकार करू नये. आम्हांस हा स्टँपाचा कागद फार आवडला. मेलेल्याच्या नावाने सगळे चालते ना? मग मरणाऱ्यानेच आधी सांगून ठेवले!

हेरवाडात नवे काय झाले हे नीट पाहिले पाहिजे. तिथल्या बायकांच्या मनात काही रातोरात उजेड पडला नाही. तो आधीच होता. झाले एवढेच, की घाटावरच्या रडारडीत जो प्रश्न कोणी कोणाला विचारीत नाही तो एका शांत दिवशी, कोणाच्या घरी मयत नसताना, सगळ्यांना एकदम विचारला गेला. प्रत्येकाने आजूबाजूला पाहिले आणि त्याला कळले की शेजारणीचेही तेच मत आहे. हीच गोष्ट दारूच्या दुकानांच्या बाबतीत घडते. महाराष्ट्रात बायकांच्या गुप्त मतदानाने गावातले दारूचे दुकान बंद करता येते. घरात नवऱ्यासमोर जी बाई तोंड उघडीत नाही ती मतपत्रिकेवर आडव्या बाटलीवर शिक्का मारते. मते मोजली म्हणजे गावालाच नवल वाटते की एवढ्या होत्या होय!

तरी ठराव म्हणजे सगळे नव्हे. आम्ही फिरतो म्हणून सांगतो, ठराव झालेल्या गावातही मयताच्या दिवशी कोणी म्हातारी पुढे होते आणि ठराव कपाटात राहतो. कारण शोकाच्या वेळी माणूस विचार करीत नाही, हात आपोआप जुन्या वाटेने जातात. त्या क्षणी कोणीतरी सगळ्यांना दिसेल असे उभे राहावे लागते.

दोन वर्षांमागची गोष्ट. एका गावी माळकऱ्याचा दहावा होता. विधी त्या बाजूला यायची वेळ झाली, एक बाई पुढे सरकली. तेवढ्यात गेलेल्याची आई उठली. सत्तर-पंचाहत्तरीची, तीस वर्षांची विधवा, पंढरीची नेमाची वारकरीण. तिने सुनेचे दोन्ही हात आपल्या पदरात घेतले आणि म्हणाली, "माझ्या केल्या तेवढ्या बास झाल्या." बस्स. कोणी काही बोलले नाही. पुढे सरकलेली बाई खाली बसली, आणि बसताना तिने जो श्वास सोडला तो आम्हांस आमच्या जागेवर ऐकू आला. सासू उठली म्हणून तिचीही सुटका झाली होती. हेच शब्द बाहेरून आलेल्या सुधारकाने उच्चारले असते, किंवा आम्ही प्रवचनात उच्चारले असते, तर गाव म्हणाले असते, तुमचे काय जाते. जिचा लेक गेला तिनेच म्हटल्यावर 'दुःख नाही' असे कोण म्हणणार? भगवंतांनी श्रेष्ठ म्हटले तो श्रेष्ठ म्हणजे नेहमी पाटावर बसलेला पंडितच असतो असे नाही. त्या दिवशी घाटावर श्रेष्ठ कोण होते ते सांगायला नको.

आणखी एक शंका सुशिक्षित मंडळी काढतात. म्हणतात, हे सगळे देखादेखीनेच व्हायचे तर त्यात धर्म कसला? काल लोक करीत होते म्हणून केले, आज लोक सोडतात म्हणून सोडले, मेंढी ती मेंढीच. ह्यात थोडे खरे आहे. पण वारीतला तो नवखा आठवा. पहिल्या दिवशी तोही देखादेखीनेच वाकला होता. नाम तरी आपण कसे घ्यायला शिकलो? आईने घेतले म्हणून. देखादेखीने दाराशी येता येते, आत जायचे की नाही हे ज्याचे त्याचे.

मात्र एक सावधगिरी आम्ही आवर्जून सांगतो. समुदायाच्या ह्या बळाला दात आहेत. आळंदीत निवृत्ती-ज्ञानदेवांना वाळीत टाकणाराही समुदायच होता, आणि आपण नीट वागतो आहोत अशीच त्याची खात्री होती. जातपंचायतींनी कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकल्याच्या हकीकती आपल्या काळातल्या आहेत; त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. म्हणून चांगल्या कामातही कोणावर दडपण आणू नये. एखाद्या बाईला आपण होऊन कुंकू लावायचे नसेल, दागिना नको वाटत असेल, तर तिला 'आता लावच, ठराव झालाय' म्हणणे हा दुसऱ्या बाजूने तोच जुलूम. समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला म्हणजे सगळे गप्प होतात हे आम्ही वर सांगितले. पण त्यातली खरी गोम अशी, की ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, आणि तोवर सारा समुदाय थांबतो. एका दिंडीसाठी एवढे लोक उभे राहतात! घाटावर बसलेल्या त्या बाईच्या हातात टाळ नसतो, एवढाच फरक.

आणि आपल्या संप्रदायापुरते बोलायचे तर आपल्याला नवीन काही आणावेच लागत नाही. गळ्यातली तुळशीची माळ सवाष्णीची वेगळी आणि विधवेची वेगळी अशी असते काय? बुक्का लावताना कोणी विचारतो काय, बाई, तुमचा धनी आहे की गेला? वाटेने तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्या आयाबायांत किती जणी एकट्या असतात ते आपण रोज पाहतो, आणि त्या वृंदावनापुढे आपण सगळेच वाकतो. जी बाई महिनाभर वारीत मानाने चालते ती गावी परतली की लग्नाच्या मांडवात मागे भिंतीशी का उभी राहते, ओटी भरताना तिला हाक का येत नाही, हे तिच्याबरोबर चाललेल्या दिंडीनेच पाहायचे आहे. दिंडीतल्या चार जणींनी आपल्या घरच्या कार्यात तिला पहिली हाक मारली तरी गावाला दिसते.

कीर्तनकार, प्रवचनकार मंडळींना आमची एक विनंती आहे. दहाव्याचा नारळ घेताना, म्हणजे आदल्या दिवशी, घरच्या कर्त्याला विचारावे की उद्या बायकांकडे काय करणार आहात. घाटावर भर सभेत विचारू नये. तिथे माणूस अडतो आणि मग हट्टाला पेटतो. घरी, ओसरीवर विचारावे. उत्तर ठरलेले असते, "महाराज, आमची काही ना नाही, पण लोक..." ह्यावर वाद घालू नये, उपदेशही करू नये. कागद-पेन्सिल मागावी आणि म्हणावे, सांगा त्या लोकांची नावे. कर्ता विचार करू लागतो. एक नाव सांगतो, मग म्हणतो, नाही, त्यांचे काही नसते. दुसरे सांगतो, खोडायला लावतो. आमचा आजवरचा अनुभव असा की यादी दोन नावांच्या पुढे गेलेली नाही. ती दोन घरे विचारून घ्यावीत आणि अंधार पडायच्या आत तिथे चहाला जाऊन यावे.